मिग बिघडलं? डबा सगळ्यात शेवटी उघडा

ऐरोलीत सिडकोच्या रो-हाऊसच्या पुढ्यात आमची दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे. तिथे स्कूटर, पोराची सायकल, आईच्या कुंड्या आणि या सगळ्यांच्या दाटीत माझं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मिग मशीन, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवत लोखंड जोडणारं वेल्डिंग मशीन. धंदा नाही, हौस. कुंड्यांचे स्टँड, शेजाऱ्यांच्या गेटची निखळलेली बिजागरी, एखादं टेबल, एवढंच काम. गेल्या जुलैत मशीन आचके द्यायला लागलं. वायर दोन सेकंद छान यायची, मग अडखळायची, मग फट्ट आवाज करून टिपलाच, म्हणजे ती बाहेर पडते त्या टोकालाच, चिकटून बसायची.

मी पहिल्याच दिवशी स्क्रू काढून डबा उघडला. आतल्या बोर्डाकडे अर्धा तास टक लावून बघितलं, काही कळलं नाही, परत बंद केला. मग मशीन दुकानात नेलं. त्यांनी बोर्ड बदलला. सहा हजार रुपये आणि बारा दिवस गेले. घरी आणून लावलं, तर पुन्हा तोच आचका.

शेवटी गल्लीच्या टोकाला ग्रिल-गेटचं दुकान चालवणाऱ्या मामांना हाक मारली. त्यांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. टॉर्चची, म्हणजे वेल्डिंगच्या पिस्तुलाची, टिप काढली, वायर दोन बोटांत धरून ओढली आणि म्हणाले, "डबा कशाला उघडलास रे? लायनर चोंदलाय तुझा. आधी टोक बघायचं, मग डबा." लायनर म्हणजे टॉर्चच्या केबलमधली नळी, जिच्यातून वायर येते.

त्यानंतरच्या वर्षभरात माझं आणि ओळखीच्या दोघातिघांचं मशीन बिघडलं, तेव्हा मी ज्या क्रमाने बघत गेलो तो इथे लिहितोय. भिंतीतल्या प्लगपासून टिपपर्यंत वीज, वायर आणि गॅस (वेल्डला हवेपासून वाचवणारा) ज्या वाटेने जातात, ती वाट बाहेरच्या बाहेर आधी तपासायची. घरच्या वापरात बोर्ड जळणं तसं कमीच. टिप, लायनर, अर्थ (वेल्ड करायच्या तुकड्याला चिमट्याने लावायची केबल) आणि गॅस यांची कुरबूर मात्र रोजची.

हे सगळं सिंगल फेज २३० व्होल्टचं मशीन, ०.८ मिलिमीटरची वायर आणि साधं एमएसचं (साध्या लोखंडाचं) काम गृहीत धरून आहे. जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन असेल तरी टॉर्च, फीडर (वायर पुढे ढकलणारे रोलर) आणि गॅसचा भाग तोच.

जवळ काय हवं

- मल्टिमीटर (साधा चालेल, पण एसी आणि डीसी दोन्ही व्होल्ट मोजणारा)
- ०.८ च्या किमान पाच टिप, आणि एक जादा नोझल
- तुमच्या टॉर्चच्या मापाचा एक लायनर
- पक्कड, वायर कटर, ८ आणि १० नंबरचे पाने
- तारेचा ब्रश, कानस, बारीक पॉलिश पेपर
- साबणाचं पाणी आणि जुना दाढीचा ब्रश
- हवा मारायला ब्लोअर किंवा सायकलचा पंप
- कोरडी लाकडी फळी
- मशीनचं बिल, वॉरंटी कार्ड आणि मागच्या पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो

टिप वडापावच्या किमतीत मिळतात. वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे-महापे पट्ट्यात वेल्डिंगचं सामान ठेवणारी दुकानं आहेत. तिथे नाही मिळालं तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहेच. दुकानात जाताना जुनी टिप खिशात टाकून न्या. "मिगची टिप द्या" म्हटलं की समोरचा हातात येईल ती देतो, आणि आटे जुळत नाहीत हे घरी आल्यावर कळतं.

१. आधी स्वतःचा जीव

खटका बंद केला म्हणजे मशीन थंड पडलं असं नाही. इन्व्हर्टर मशीनमध्ये २३० व्होल्टचं डीसी करून ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतात. तिथे सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहतात. मी पहिल्या दिवशी डबा उघडून आत बोट घातलं नाही, ते शहाणपणाने नाही, निव्वळ गोंधळून. टॉर्च किंवा फीडरवर हात चालवायचा तर प्लग भिंतीतून काढून, तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. ट्रिगर दाबून काही तपासायचं असेल तर तेवढ्यापुरता प्लग लावा.

पावसाळ्यात आपण झड आत येऊ नये म्हणून शटर ओढून काम करतो. कार्बन डायऑक्साइड आणि अरगॉन दोन्ही हवेपेक्षा जड आहेत. ते खाली साचतात आणि त्यांना वास नसतो. शटर निदान कमरेपर्यंत उघडं ठेवा. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला हवा.

डोळ्यांना १० किंवा ११ नंबरची काच. "एकच टाका मारायचाय" म्हणून हेल्मेट न घालता मारलेला टाका रात्री दोन वाजता आठवतो, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं तेव्हा. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवायचा सल्ला प्रत्येक वर्कशॉपमध्ये मिळतो. त्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. अंगात सुती कपडे, पायात बूट. घरच्या शेडमध्ये चपला काढून वावरायची आपली सवय इथे सोडायची.

२. तक्रार एका ओळीत लिहा

"मशीन नीट चालत नाही" ही तक्रार होत नाही. पुढच्यापैकी नेमकं काय होतंय ते ठरवा, म्हणजे कुठून सुरू करायचं ते कळेल.

- दिवाच लागत नाही, किंवा एमसीबी पडतो: पायरी ३
- वायर येते पण आर्क (वायर आणि लोखंडामधली विजेची ज्योत) पेटत नाही, किंवा मिणमिणता पेटतो: पायरी ४
- वायर अडखळते, टिपला चिकटते, आत गुंता होतो: पायरी ५
- वेल्डवर आंबोळीसारखी जाळी पडते: पायरी ६
- ट्रिगर दाबल्यावर काहीच होत नाही: पायरी ७
- थोडा वेळ चालून बंद पडतं: पायरी ८

यात एक घोटाळा असतो. पोरांनी किंवा आपणच कुठलं तरी बटण फिरवलेलं असतं. म्हणून आधी सगळं मूळ जागी आणा. निवड मिगवर आहे ना, स्टिकवर (रॉडच्या वेल्डिंगवर) नाही ना? २टी-४टी असं बटण असेल तर २टीवर ठेवा. ४टीवर एकदा दाबून सोडलं तरी आर्क चालूच राहतो, आणि नवीन माणूस ट्रिगर अडकला म्हणून टॉर्च खोलून बसतो. मग दोन-अडीच मिलिमीटरच्या स्वच्छ पट्टीवर १७-१८ व्होल्ट आणि मिनिटाला साधारण पाच मीटर वायर असं लावून बघा. हे साधारण ८०-९० अँपिअरला पडतं. ठोकताळा असा की अँपिअरला ०.०५ ने गुणून त्यात १४ मिळवले की जवळपासचे व्होल्ट येतात. शंभर अँपिअरला १९.

नीट चाललं तर कढईत कांदाभजी सोडल्यावर येतो तसा सलग चर्र आवाज येतो. ठाक-ठाक येत असेल तर वायर जास्त होतेय, आणि फुस्स करून थेंब टिपकडे वर चढत असेल तर वायर कमी पडतेय.

३. भिंतीपासून सुरुवात

मल्टिमीटर एसीवर लावून प्लगमध्ये व्होल्ट मोजा. नुसते मोजून उपयोग नाही. दुसऱ्या कुणाला तरी वेल्ड मारायला सांगा आणि त्याच वेळी मोजा. एरवी २३० दाखवणारा प्लग संध्याकाळी, आजूबाजूच्या घरांचे एसी सुरू असताना, आर्क पेटताच कितीवर येतो ते बघण्यासारखं असतं. त्यात आपली एक्स्टेंशन. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वीस मीटर तांब्याच्या वायरला जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम विरोध असतो. १६ अँपिअर ओढले की आठ व्होल्ट तिथेच गेले. आणि ती एक्स्टेंशन रीळवर गुंडाळलेली असेल तर ती तापते, वितळतेसुद्धा. पूर्ण सोडून पसरा, आणि घ्यायचीच असेल तर चार स्क्वेअरची घ्या.

आणखी एक हिशेब दुकानदार सांगत नाही. २०० अँपिअर, २४ व्होल्ट म्हणजे नुसतं बाहेर येणारं काम ४.८ किलोवॉट. मशीनमधला अपव्यय धरला तर भिंतीतून तीस अँपिअरच्या वर ओढ जाते. घरातला १६ अँपिअरचा प्लग हे देऊच शकत नाही. त्यावर नव्वद-शंभर अँपिअरपर्यंतच चालवा, आपल्या पट्टी-अँगलला तेवढं पुरतं. जास्त हवं असेल तर महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा आणि इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घ्या.

मशीन सुरू करतानाच एमसीबी पडत असेल, पण एकदा सुरू झाल्यावर पडत नसेल, तर बहुधा दोष मशीनमध्ये नाही. कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा झटका बसतो आणि 'बी' कर्व्हचा एमसीबी तो सहन करत नाही. 'सी' कर्व्हचा लावून घ्या. पण प्रत्येक वेळी, खटका टाकताक्षणी धाडकन पडत असेल तर थांबा. आत शॉर्ट आहे, पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका. सरळ पायरी ९.

४. अर्थ आणि प्लस-मायनस

अर्थ क्लॅम्पकडे कुणी बघत नाही. तो जमिनीवर पडलेला असतो, त्यावरून स्कूटर जाते, आणि खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेत त्याचे जबडे सहा महिन्यांत हिरवट होतात. मशीनबरोबर येणारा क्लॅम्प बहुतेक वेळा पितळी मुलामा दिलेला पातळ पत्रा असतो, आणि दोन जबड्यांपैकी एकालाच वायर जोडलेली असते.

मल्टिमीटरने इथला विरोध मोजायच्या फंदात पडू नका, साध्या मीटरला इतका बारीक विरोध कळत नाही. सोपं म्हणजे मिनिटभर वेल्ड मारा, प्लग काढा आणि क्लॅम्प, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), मशीनकडचं कनेक्टर यांना हाताने चाचपा. जे गरम लागेल तिथे दोष. ०.०१ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण शंभर अँपिअरला तिथे एक व्होल्ट मरतो आणि शंभर वॉटचा बल्ब पेटवल्याएवढी उष्णता तयार होते. आपण अठरा व्होल्टवर काम करतो, त्यातला एक-दीड असा गेला की आर्क मिणमिणणारच. मग आपण बटण फिरवत बसतो.

जबडे कानसने घासा, नट आवळा, आणि जॉबवर, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यावर, क्लॅम्प लावायची जागा ग्राइंडरने चकचकीत करा. रंगावर किंवा गंजावर लावलेला अर्थ लावल्यात जमा नाही. शक्यतो टेबलाला न लावता थेट जॉबला लावा.

आता प्लस-मायनस. इथे नवीन लोक हमखास फसतात. गॅसवर चालणाऱ्या साध्या वायरला टॉर्च प्लसला आणि अर्थ मायनसला हवा. गॅसविना चालणाऱ्या फ्लक्सवाल्या (पोटात पूड भरलेल्या) वायरला नेमकं उलट. पुष्कळ मशीनसोबत गॅसविना चालणाऱ्या वायरचं एक किलोचं छोटं रीळ फुकट येतं आणि मशीन त्याच्यासाठी जोडलेलं असतं. ते संपलं, आपण गॅस आणला, साधी वायर घातली, आणि मग नुसते छर्रे उडतात, वेल्ड वरवर बसतो आणि हातोडीने ठोकला की निघतो. माझ्या एका मित्राने घणसोलीहून मला हे दाखवायला रात्री व्हिडिओ कॉल केला होता. बाजूचं झाकण उघडून दोन केबलची अदलाबदल केली, दोन मिनिटांत प्रश्न मिटला. कोणती केबल कुठे हे झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं.

५. वायरची वाट: रीळ, रोलर, लायनर, टिप

जेवढे बिघाड मी पाहिले त्यातले निम्म्याहून जास्त इथेच होते. म्हणून इथे घाई करू नका. शेवटाकडून मागे यायचं.

*टिप.* नोझल काढा, टिप काढा, उजेडाकडे धरून तिच्या भोकातून बघा. नवीन टिपचं भोक गोल असतं. वापरलेल्याचं एका बाजूला ओढल्यासारखं लांबट होतं, कारण वायर तिथे घासत जाते. मग वायरला वीज कधी इथे मिळते, कधी तिथे, आणि आर्क भरकटतो. टोकाला छर्रे चिकटून भोक अर्धं बुजलेलं असतं, तेही दिसेल. कानसने घासून वापरू नका, बदला. नवी टिप बोटाने आवळून सोडू नका, पक्कडने घट्ट करा. सैल टिप तापते आणि वायरला धरून ठेवते. टिपवर ०.८ कोरलेलं आहे ना तेही बघा. ०.८ ची वायर १.० च्या टिपमध्ये जाते खरी, पण तिला वीज नीट लागत नाही.

*लायनर.* टिप काढलेली असतानाच फीडरचा दाब देणारा खटका उचला आणि टॉर्चची केबल जमिनीवर सरळ पसरा. आता टॉर्चच्या टोकाकडून वायर दोन बोटांनी ओढा. सहज, एकसारखी आली पाहिजे. टिपशिवाय सहज येते आणि टिप लावली की अडते, तर दोष टिपचा. टिपशिवायच जोर लावावा लागतो, तर लायनरचा. मामांनी दोन बोटांत जे ओळखलं ते एवढंच.

लायनर म्हणजे केबलच्या आत घातलेली स्प्रिंगसारखी पोकळ नळी. वायरवरचा तांब्याचा मुलामा घासून भुकटी पडते, त्यात हवेतला ओलावा आणि ग्राइंडरची धूळ मिसळते. माझा लायनर काढून वर्तमानपत्रावर आपटला तेव्हा चिमूटभर काळी-तांबूस पूड पडली, ओलसर, तपकिरीसारखी. त्यासाठी मी सहा हजार भरले होते.

साफ करायचा तर फीडरच्या बाजूने जोरात हवा मारा. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-फोर्टी यातलं काहीही आत घालू नका. ते वायरला लागून वेल्डमध्ये जातं, भोकं पडतात, आणि धूळ आणखी चिकटते. साफ करूनही अडत असेल किंवा लायनर कुठे मुरडला असेल तर बदला. ०.८ साठी बहुधा निळ्या आवरणाचा मिळतो, लाल हा १.० ते १.२ साठी. नवीन लायनर टॉर्चपेक्षा लांब असतो आणि तो मापाने कापावा लागतो. इथे थोडा लांब ठेवून हळूहळू कमी करा. आखूड कापला गेला तर टिपच्या मागे मोकळी जागा राहते, वायर तिथे वाकते, आणि नवा लायनर फुकट जातो. कापल्यावर टोकाला धार किंवा काटा राहू देऊ नका, कानस मारा.

*रोलर.* रोलरवर सहसा दोन खाचा असतात, ०.८ आणि १.० च्या, आणि तो उलटा करून लावता येतो. बाहेरून दिसणारा आकडा हाच वापरातल्या खाचेचा, असं धरून चालू नका. काही मशीनमध्ये तसं असतं, काहींत उलट. वायर खाचेत ठेवून बघा. बरोबर खाचेत ती थोडी वर डोकावते. १.० च्या खाचेत ०.८ ची वायर पडली की वरच्या रोलरला ती भेटतच नाही आणि घसरते. साध्या पोलादी वायरला गुळगुळीत 'व्ही' खाच. दातेरी खाच फ्लक्सवाल्या वायरसाठी. साध्या वायरला दातेरी रोलर लावला तर तो वायर खरवडतो आणि ती भुकटी पुन्हा लायनरमध्ये.

*दाब.* वायर घसरली की आपण दाबाचा स्क्रू पिळतो. अजून घसरली, अजून पिळतो. मग कुठेतरी वायर अडते, रोलर मात्र ढकलतच राहतो, आणि झाकण उघडून बघावं तर रोलरजवळ वेणी विंचरल्यावर कंगव्यात निघतं तसं वायरचं गुंतवळ. दाब लावायची रीत वेगळी आहे. स्क्रू पूर्ण सैल करा. अर्थ क्लॅम्प दूर ठेवा. टॉर्च कोरड्या लाकडी फळीपासून दोन इंचावर तिरकी धरून ट्रिगर दाबा. ट्रिगर दाबलेला असताना वायरमध्ये वीज असते, तिला हात लावू नका. वायर फळीला टेकून गोल वळत बाहेर येत राहील इतकाच दाब हळूहळू वाढवा. मग टॉर्च फळीच्या अगदी जवळ आणून वायर अडवा. आता रोलर घसरला पाहिजे. घसरायच्या ऐवजी आत गुंता व्हायला लागला तर दाब जास्त आहे.

*रीळ.* मधला नट फार आवळला असेल तर मोटरला रीळ ओढावं लागतं, आणि फार सैल असेल तर ट्रिगर सोडल्यावरही रीळ गरगरत राहून वायर सुटी होते. ट्रिगर सोडल्यावर रीळ पाव फेऱ्याच्या आत थांबलं की पुरे. वायरवर बोट फिरवून बघा, तपकिरी डाग लागला तर ती गंजली आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रीळ मशीनमध्ये ठेवून दिलं की हे होणारच. मी आता पाच किलोचं रीळ काढून घट्ट झाकणाच्या पिठाच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डबा आईचा होता. त्याबद्दल अजून ऐकून घेतो.

६. गॅस

वेल्डवर जाळी पडली की वायरला किंवा पत्र्याला दोष देण्याआधी वर बघा. पंखा सुरू आहे का? मे महिन्यात शेडमध्ये पंख्याशिवाय उभं राहवत नाही, पण तोच पंखा गॅस उडवून लावतो. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला तरी तेच. प्लायचा एक तुकडा आडोशाला उभा करा आणि पुन्हा मारून बघा.

नसेल तर रोलरचा दाब उचला, म्हणजे वायर येणार नाही, आणि ट्रिगर दाबा. मशीनमधून 'टक्' आणि नोझलमधून 'स्स्' असे दोन आवाज यायला हवेत. टक् नाही, तर गॅसचा व्हॉल्व्ह किंवा त्याची वायर. टक् आहे पण स्स् नाही, तर सिलिंडर बंद, रिकामा, किंवा नळी कुठेतरी दाबलेली, बहुधा मशीनच्याच चाकाखाली. दोन्ही आहेत आणि तरी जाळी, तर नोझलमध्ये छर्रे साचलेत का, आणि टिपमागच्या पितळी तुकड्याची बारीक भोकं मोकळी आहेत का ते बघा. मग सिलिंडरपासून मशीनपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा.

गॅस मिनिटाला दहा-बारा लिटर पुरतो. जाळी पडतेय म्हणून वीसवर नेलात तर गॅस भोवरा करून बाहेरची हवाच आत ओढतो आणि जाळी वाढते.

नुसता कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर वरच्या काट्यावर विसंबू नका. आत द्रव असेपर्यंत तो उन्हाने वर आणि रात्री खाली होतो, पण गॅस किती उरला ते सांगत नाही. सांगायला लागतो तेव्हा संपतच आलेला असतो. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, वजनकाट्यावर ठेवून वजाबाकी करा. सलग मारत राहिलात तर रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि प्रवाह तुटतो. हीटरवाला रेग्युलेटर घ्या किंवा थांबून थांबून मारा. सिलिंडर भरून किंवा बदलून घेताना मानेजवळची चाचणीची तारीख बघा, ती दर पाच वर्षांनी व्हावी लागते.

७. ट्रिगर

टॉर्च मशीनपासून सोडवा. कनेक्टरमध्ये दोन बारीक पिना दिसतील. मल्टिमीटर बझरवर ठेवून त्या दोन पिनांना लावा आणि ट्रिगर दाबा. दाबल्यावर वाजला, सोडल्यावर थांबला, तर ट्रिगर ठीक. वाजलाच नाही तर मूठ उघडा. आतला छोटा स्विच गेलाय किंवा वायर तुटलीय. दाबल्याशिवायच वाजत असेल तर दोन वायर एकमेकींना चिकटल्यात. बऱ्याचदा नुसतं पिना आत दबल्यामुळे होतं, चिमट्याने हलकेच बाहेर ओढायच्या.

८. मध्येच बंद पडणं

पिवळा दिवा लागला असेल तर मशीन तापलंय. पाटीवर टक्का लिहिलेला असतो. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम आणि चार विश्रांती, तेही पूर्ण अँपिअरवर आणि ४० अंशांपर्यंतच्या हवेत. मेमध्ये पत्र्याखाली आपण तिथे सहज पोचतो. दिवा लागल्यावर खटका बंद करू नका, पंखा फिरू द्या, नाहीतर आतली उष्णता आतच राहते.

वारंवार होत असेल तर धूळ. ग्राइंडरची धूळ म्हणजे लोखंडाचा कीस, तो वीज वाहून नेतो. मशीन ग्राइंडरच्या मागे, वरच्या बाजूला ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी प्लग काढून जाळीतून ब्लोअर मारा. पंखा बोटाने किंवा काडीने अडवून धरा, हवेने तो गरगरू देऊ नका.

९. आता डबा, म्हणजे दुकान

इथपर्यंत सगळं बघूनही तक्रार तशीच असेल, जळका वास आला असेल, किंवा एमसीबी दर वेळी पडत असेल, तरच दोष आत आहे. घरी एक शेवटची गोष्ट करता येते. मल्टिमीटर डीसीवर लावून प्लस आणि मायनसच्या बोल्टांवर ठेवा, रोलरचा दाब उचला, ट्रिगर दाबा. पाटीवर 'यू' अक्षराशेजारी बारीक शून्य लिहिलेला आकडा असतो, त्याच्या जवळपास व्होल्ट यायला हवेत. काहीच आले नाहीत तर दुकान.

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फाडू नका. ते फाटलं की "तुम्ही उघडलंत" एवढंच ऐकायला मिळतं. सोबत बिल आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स, मशीन नंबर, आणि बिघाडाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. मशीन देताना पावती घ्या, तिच्यावर मशीन नंबर आणि तुमची तक्रार त्यांच्या हस्ताक्षरात असू द्या. खर्चाचा आकडा आधी विचारा, आणि बदललेला भाग परत मागा. पैसे घेऊन टाळाटाळ झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

सकाळच्या गर्दीत ठाणे-वाशी लोकलने चौदा किलोचं मशीन न्यायचा विचारही करू नका, दुपारी न्या किंवा रिक्षा करा. आणि टॉर्च, अर्थ केबल, रीळ, सगळं सोबत न्या. आणलेल्या टॉर्चनेच मशीन चालवून दाखवायला सांगा. माझं मशीन बारा दिवस दुकानात होतं, त्यांनी आपली टॉर्च लावून तपासलं आणि "आता मस्त चालतंय" म्हणून परत दिलं. माझी टॉर्च, तो चोंदलेला लायनर पोटात घेऊन, ते बाराही दिवस शेडमधल्या खिळ्याला लटकत होती.